पहिल्या मानाचं दूध

नगर जिल्हा मी जन्मभर फळ्यावर काढला. पुण्याच्या एका शाळेत मी भूगोलाची बाई. खडूने वेडीवाकडी हद्द ओढायची, वर गोदावरी, खाली भीमा, मध्ये मोठ्या अक्षरांत 'अवर्षणप्रवण', की झाला जिल्हा. आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं, माझ्या जिभेला अजून ते वळण लागायचं आहे. शिर्डीची एक धावती सहल सोडली तर या जिल्ह्यात मी कधी पाय ठेवला नव्हता, पण ही गोष्ट वर्गात कुणाला कळू दिली नाही.

या हिवाळ्यात मला तिकडे ओढून नेलं केतकीने. केतकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिकडच्या एका विद्यापीठात ती प्रकाशावर संशोधन करते. "प्रकाशावर म्हणजे नक्की काय करतेस गं?" असं मी तिला दर दिवाळीला विचारते आणि ती चकली मोडत म्हणते, "मावशी, एकदा येऊनच बघ." गेले एकदाची. परत आल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "कसं आहे नगर?" तर माझं तोंडच उघडेना. इतके धक्के मी नोकरीत सुद्धा खाल्ले नव्हते. म्हणून लिहूनच काढते आहे.

श्रीरामपूर

पहिला धक्का गाडीच्या खिडकीतूनच बसला. फळ्यावरचा माझा जिल्हा कोरडा ठणठणीत, आणि बाहेर बघावं तिकडे ऊस. पाट भरून वाहत होते. बगळे चिखलात उभे होते. समोरच्या बाकावरच्या आजोबांना मी विचारलं, "हे नगरच ना?" ते म्हणाले, "ह्यो पाटपान्याचा भाग हाय. तुमचा दुष्काळ तिकडं पाथर्डीला." जणू दुष्काळ माझ्या मालकीचा होता आणि मी तो चुकीच्या स्टेशनवर शोधत होते.

केतकी एका ख्रिस्ती बाईंच्या घरी खोली घेऊन राहते. रविवार होता, चर्चची घंटा वाजत होती. बाई प्रार्थनेहून आल्या त्या थेट माझ्यासाठी केकची ताटली घेऊन. आमच्याकडे घरमालकीण पाहुण्याला आधी विचारते, किती दिवस मुक्काम. यांनी विचारलं, केक आवडतो का. मी दोन तुकडे खाल्ले आणि पुण्याच्या वतीने मनातल्या मनात शरमले.

अंधाराची खोली

दुसऱ्या दिवशी केतकीने तिची प्रयोगशाळा दाखवली. प्रकाशाची प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या मोठमोठ्या खिडक्या आणि झगमगाट, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात एकही खिडकी नसलेली, भिंतींना काळा रंग फासलेली खोली. मी दारातच थबकले. "अगं, इथे तर मिट्ट काळोख आहे!"

"आपल्याला हवा तेवढाच उजेड असला पाहिजे, मावशी. बाकी सगळा लुडबुड करतो," केतकी म्हणाली. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "बांगड्या काढ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, लेसरचा किरण कशाही चकचकीत गोष्टीवरून उसळतो आणि कुणाच्या डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जातो. अंगठी, घड्याळ, बांगड्या, सगळं बाहेर. पाटल्या निघाल्या. काचेच्या निघेनात. साबण लावला, पाणी लावलं आणि शेवटी त्यातली एक वाढवली, तेव्हा बाकीच्या निघाल्या. माझा जीव खालीवर. नवरा पुण्यात ठणठणीत असताना भरदिवसा रिकामे हात! बाहेर येऊन ह्यांना फोन केला. "बरे आहात ना?" तर म्हणाले, "मी बरा आहे, साखरेचा डबा कुठे आहे?" तेव्हा कुठे जीवात जीव आला.

आत एक भलंमोठं लोखंडी टेबल होतं, हवेच्या पायांवर तरंगणारं, म्हणजे रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला तरी वर थरथर पोचत नाही. त्यावर आरसे, भिंगं, आणि काहीच आवाज न करणारा एक हिरवा ठिपका. केतकीचे मार्गदर्शक तिथेच होते. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. उंच, सावळे, हसरे. कोपरगावच्या उसवाल्या घरातला हा मुलगा परदेशात शिकून परत इथेच आला आहे.

त्यांनी मला केतकीचं यंत्र दाखवलं. शिलाई मशीनच्या झाकणाएवढी एक पेटी. वरचं झाकण उघडलं की आत काचेची लहानशी वाटी. वाटीत दूध ओतायचं, झाकण लावायचं. आत निळा-जांभळा उजेड पडतो. दूध तो उजेड पिऊन आपला वेगळा, मंद उजेड परत देतं. वाटीशेजारचा एक डोळा तो वाचतो. दुधात दुधाचं नसलेलं काही असलं, तर त्या उजेडाचा रंग बदलतो. हिरवा दिवा लागला तर दूध निर्मळ, तांबडा लागला तर भेसळ.

"डेअरीतलं फॅटचं मशीन फॅट सांगतं," सर म्हणाले. "आत काय मिसळलंय ते सांगत नाही. हे सांगेल. माणूस खोटं बोलतो, उजेड बोलत नाही."

मला ते वाक्य फार आवडलं. मी ते पाठ केलं आणि पुढच्या दोन दिवसांत भेटेल त्याला ऐकवलं.

कोपरगाव

सरांनी त्यांच्या घरी जेवायला नेलं. कारखाना चालू होता, सगळ्या हवेला मळीचा आंबूस वास. पुलावरून गोदावरी पाहिली. फळ्यावर मी तिला एका निळ्या रेघेत उरकत असे. सरांच्या आईने हुलग्याचे शेंगोळे केले होते. शेंगोळे म्हणजे पिठाची वळलेली कडबोळी, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली. मी नको नको म्हणत तीनदा घेतले. आमच्याकडे 'नको' म्हटलं की वाढणारा थांबतो. इथे 'नको' म्हणजे 'अजून वाढा', हे मला उशिरा कळलं.

जेवताना सर म्हणाले, "तिसगावकडच्या डेअरीत यंत्राची चाचणी नीट झाली की काम पूर्णच समजा. नाही झाली तर बाहेरचे परीक्षक म्हणतील, प्रयोगशाळेत चालतं, गोठ्यात चालत नाही." केतकीने मान हलवली. त्या पोरीची सगळी उमेद त्या पेटीत होती.

तिसगावच्या पलीकडे

पाथर्डीच्या बाजूला निघालो आणि माझा फळ्यावरचा जिल्हा अखेर भेटला. उजाड माळ, खडक, बाभळी, मध्येच ज्वारीचे पट्टे. तिसगावचा बाजार ओलांडून एका वस्तीवर गेलो. भानुदास अण्णांकडे आमचा मुक्काम होता. अण्णा वस्तीवरच्या दूध संस्थेचे चेअरमन. चेअरमन म्हणजे खुर्चीतला माणूस असं मला वाटलं होतं, पण अण्णा गोठ्यात शेणाने भरलेल्या हातांनीच सामोरे आले.

त्यांची अडचण अशी होती. वस्तीवरचं दूध एका टँकरमध्ये जमा होतं आणि पुढे मोठ्या दूध प्रकल्पात जातं. कुणीतरी त्यात काहीबाही मिसळत होतं, आणि टँकर परत येत होता. "एकाच्या पापापायी समद्यांचं दूध नाल्यात जातंय ताई," अण्णा म्हणाले. "लोकं एकमेकाकडं चोरावानी बगत्यात. मीच इद्यापीठात गेलो, म्हनलं आमच्याकडं लावा मशीन. लई जनांनी इरोध केला. मी म्हनलं, पयलं माझं दूध तपासा. पयला मान माझा."

मी लगेच माझं वाक्य टाकलं. "उजेड खोटं बोलत नाही."

"ह्ये झाक बोलला!" अण्णा खूश झाले.

त्यांची बायको हिराताई. बुटकी, भरभर चालणारी, बोलायला मोकळी. संध्याकाळी शेतात आगटी पेटवून त्यांनी आम्हाला हुरडा खाऊ घातला. गोवऱ्यांच्या धगीत भाजलेली कणसं त्या उघड्या तळहातावर चोळत होत्या. मी एकदा करून बघितलं आणि किंचाळले. परतताना बांधावरून माझा पाय घसरून घोटा मुरगळला. अण्णा आणि हिराताई दोघं मला धरून घरी आणत होते, आणि आणता आणता एकमेकांची थट्टा चालली होती. "धरा नीट, मावशी हाय, वैरनीचा भारा न्हाई!" "तुला आनली तवा बी असंच धरलं हुतं!" लग्नाला इतकी वर्षं झालेलं जोडपं असं हसताना मी क्वचितच बघितलं आहे. पेटी रात्री त्यांच्याच ओसरीवर ठेवली.

पहाटे केतकी आंघोळीला गेली होती. हिराताई ताट घेऊन आल्या. निरांजन, हळदकुंकू, अक्षता. "मावशी, ट्रॅक्टर आला तवा ववाळला. ह्ये तर आमच्या गावाची अब्रू राखाया आलंय." त्यांनी झाकणावर हळदकुंकवाची बोटं ओढली, ओवाळलं. मग विचारलं, "ह्याचा डोळा कुटं हाय वो?"

दोन दिवसांपूर्वी मिळालेलं ज्ञान माझ्या पोटात मावत नव्हतं. मी झाकण उघडलं आणि म्हटलं, "हा आत. ही वाटी, आणि हा शेजारी डोळा." हिराताईंनी भक्तिभावाने हळदीचं बोट वाटीच्या आत टेकवलं. कुंकू लावणार तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. केतकी रागावेल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी झटकन झाकण लावलं. तिने बाहेर येऊन झाकणावरचं हळदकुंकू पाहिलं, हसली आणि रुमालाने पुसून टाकलं. आतल्या बोटाबद्दल मी काही बोलले नाही, हिराताईही बोलल्या नाहीत.

तांबडा दिवा

डेअरी म्हणजे पत्र्याची एक शेड. थंडीत मफलर गुंडाळलेली माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी. केतकीने आधी वाटीत पाणी घालून यंत्र तपासलं. हिरवा दिवा. मग अण्णा पुढे झाले. पहिला मान. त्यांनी मोठ्या ऐटीत आपलं दूध वाटीत ओतलं.

तांबडा दिवा लागला.

अण्णा त्या दिव्याकडे बघत राहिले. केतकीने वाटी दोनतीनदा खळखळून धुतली आणि मागच्याचं दूध घातलं. हिरवा. त्याच्या मागच्याचं, हिरवा. सगळ्यांचं हिरवं. मग तिने अण्णांचं दूध पुन्हा घातलं. हिरवा.

मला वाटलं, सुटलो. पण उलटंच झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "पयल्यांदा खरं बोललं, मंग समजूत घातली त्याची." दुसरा म्हणाला, "रातचा पाहुनचार पचला म्हनायचा!" लोक हसले. त्या हसण्याने मी हबकले. आदल्या दिवशी रस्त्यात थांबून अण्णांना रामराम घालणारी हीच माणसं होती.

अण्णांनी किटली उचलली आणि घरी आले. आम्ही मागोमाग. हिराताईंना बातमी आधीच पोचली होती. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. तुमी काय टाकलं न्हाई ना?"

अण्णांनी तोंडाशी नेलेला तांब्या खाली ठेवला. तिच्याकडे एकदा बघितलं आणि गोठ्यात निघून गेले. शेडमधलं सगळं एकीकडे आणि ती नजर एकीकडे. मी इतका दुखावलेला माणूस पाहिला नाही.

दिवसभर ते बायकोशी बोलले नाहीत. जेवायलाही आले नाहीत. मला खूप राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. केतकीने सरांना फोन केला. सर म्हणाले, पहिल्यांदा यंत्राने तांबडा दिवा दाखवला आहे तर त्याला कारण असणारच, शोध. ती दिवसभर पेटी उघडून बसली. "मावशी, एकतर अण्णा लबाड आहेत नाहीतर माझं यंत्र. मला दोन्ही नको आहे," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तिन्हीसांजेला वीज गेली. केतकी खोलीत काळोखातच, पेटीतल्यासारख्याच निळ्या उजेडाची बॅटरी घेऊन वाटी न्याहाळत होती. माझा पाय सुजला होता म्हणून हिराताई माझ्यासाठी पेला भरून हळद घातलेलं दूध घेऊन आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. केतकी वळली, बॅटरीचा उजेड पेल्यावर पडला, आणि पेला पेटला. दुसरा शब्द नाही. हिरवट पिवळा, झगझगीत उजेड पेल्यातून बाहेर आला. "आगं बया!" करत हिराताईंनी पेला सांडता सांडता धरला.

"ह्यात काय घातलंय?" केतकी ओरडलीच.

"हळद, बाई! हळदच!"

सकाळचं ते बोट माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी सगळं सांगितलं: झाकण कुणी उघडलं, डोळा कुणी दाखवला, आणि कडी वाजल्यावर काय केलं. केतकी रागावेल म्हणून मी डोळे मिटून घेतले, तर ती पाण्याच्या एका पेल्यात हळद टाकून बॅटरी मारत होती. पाण्यात जवळजवळ काळोखच राहिला. हळद पाण्यात विरघळत नाही, तिथे ती झोपून असते. दुधातल्या स्निग्धांशात उतरली की जागी होते. म्हणून पाण्याला हिरवा दिवा लागला. म्हणून पहिल्या दुधाने वाटीतली सगळी हळद उचलली आणि नंतरचे सगळे निर्मळ ठरले. यंत्र बरोबरच बोललं होतं. दुधात दुधाचं नसलेलं काहीतरी होतंच.

हिराताईंनी हातातला पेला खाली ठेवला. "म्हंजी मीच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आन मीच त्यास्नी इचारलं."

आम्ही गोठ्यात जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं झालं. सकाळी समद्यांना सांगा," इतकंच म्हणाले आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हिराताई दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सकाळी केतकी लोकांना समजावणार होती. पण शेडचा पत्र्याचा दरवाजा ओढून काळोख केल्यावर हिराताई स्वतःच पुढे आल्या. डेअरीत त्या कधी येत नाहीत, असं मागाहून कळलं. डोक्यावरचा पदर सावरून त्यांनी आपलं हळदीचं बोट दुधाच्या वाटीत बुडवलं. केतकीने बॅटरी मारली. वाटी झगझगली आणि बोटही. माणसं मागे सरकली, एकाच्या हातून किटलीचं झाकण खाली पडलं.

"ह्ये माझं बोट," हिराताई म्हणाल्या. "काल पूजा म्या केली, हळद म्या लावली. ह्यांच्या दुधात काय बी नव्हतं. तुमी काल हासला. तुमाला काय म्हनू? घरी आल्यावर म्या बी त्यास्नी इचारलं, काय टाकलं का म्हनून. मी बी तुमच्यातलीच."

मीही पुढे होऊन सांगितलं की झाकण मी उघडलं होतं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग रांग लागली, एकेक दूध तपासायला सुरुवात झाली. त्या सकाळी दोन किटल्या रांगेत आल्या होत्या आणि आपला नंबर यायच्या आत परत गेल्या, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी आम्ही निघालो. केतकीने पेटी तिथेच ठेवायची ठरवली होती. पेटी आता महिनोन्‌महिने रोज दोन वेळ दूध तपासणार. हिराताईंनी माझी ओटी भरली, दोघींना हळदकुंकू लावलं. वाढवलेल्या बांगडीच्या जागी घालायला मला हिरव्या काचेच्या बांगड्या दिल्या. पेटी ओसरीवर होती, संध्याकाळच्या दुधाला अण्णा ती घेऊन जाणार होते. हळदकुंकू लावता लावता सवयीने हिराताईंचा हात पेटीकडे वळला आणि तिथेच थांबला. हळदीचं बोट तसंच हवेत. त्यांनी ते मागे घेतलं आणि पदराला पुसू लागल्या.

अण्णा पायरीवर चपला घालत होते. कालच्या सकाळपासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते उठले, पेटीजवळ गेले, झाकण घट्ट बसलंय ना ते दाबून बघितलं आणि पेटी तिच्याकडे वळवली.

"लाव," ते म्हणाले. "बाहीरनं लाव."

हिराताईंनी लावलं. पुसलेलं बोट पुन्हा हळदीत बुडवून त्यांनी झाकणभर ओढलं.